द्रव मिश्रणाचं विलगीकरण सिम्युलेटरवर: बेंझिन-टोल्युइनपासून इथेनॉल-पाण्यापर्यंत

सिम्युलेटरमध्ये, म्हणजे रासायनिक प्रक्रियेचा हिशोब करणाऱ्या प्रोग्राममध्ये, डिस्टिलेशन कॉलम (उकळून मिश्रण वेगळं करणारा मनोरा) उभा करायला दहा मिनिटं पुरतात. फीड (आत येणारं मिश्रण) ओढून आणा, कॉलम ठेवा, दोन रेघा जोडा, बटण दाबा. 'कन्व्हर्ज झालं' असं दिसलं की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. पण कन्व्हर्ज होणं याचा अर्थ एवढाच, की तुम्ही दिलेल्या मॉडेलची समीकरणं एकमेकांशी जुळली. मॉडेल मुळात त्या मिश्रणाचं होतं का, याबद्दल प्रोग्राम चकार शब्द काढत नाही. म्हणून या लेखातलं निम्मं काम कॅल्क्युलेटरवरचं आहे. अपेक्षित आकडा आधीच माहीत असेल, तर स्क्रीनवरचा आकडा तपासता येतो. नाहीतर त्यावर नुसता विश्वास ठेवावा लागतो.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. शिकण्यासाठी डीडब्ल्यूसिम मोफत आणि मुक्तस्रोत आहे, त्यात शॉर्टकट कॉलम (झटपट अंदाजाचा) आणि रिगरस कॉलम (टप्प्यागणिक पूर्ण हिशोबाचा) दोन्ही मिळतात. कोको हा आणखी एक मोफत संच, त्याच्या जोडीला केमसेपची छोटी आवृत्ती येते. ऑफिसात ॲस्पेन प्लस किंवा हायसिस असेल तर उत्तमच. मेनूतली नावं बदलतील, पायऱ्या त्याच राहतील.

आधी कागदावर

उदाहरण ठरवून घेऊ. ताशी १०० किलोमोल फीड, त्यात ५० मोल टक्के बेंझिन आणि ५० मोल टक्के टोल्युइन. फीड बबल पॉइंटला (पहिला बुडबुडा निघतो त्या तापमानाला) आलेला द्रव, दाब १ ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३ किलोपास्कल. वरून ९५ टक्के शुद्ध बेंझिन हवं, खाली बेंझिन ५ टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही.

मटेरिअल बॅलन्स दोन ओळींत होतो. वरचा माल = १०० × (०.५० − ०.०५) ÷ (०.९५ − ०.०५) = ताशी ५० किलोमोल. खालचाही ५०. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, कारण पुढे कॉलम कन्व्हर्ज होईना झाला की कारण बरेचदा इथेच सापडतं. वरून ६० किलोमोल काढायला सांगितले आणि वर ९५ टक्के शुद्धताही मागितली, तर लागणारं बेंझिन फीडमध्ये नाहीच. ५७ किलोमोल बेंझिन हवं आणि आत येतंय ५०. जगातला कुठलाही सॉल्व्हर हे सोडवणार नाही.

थर्मोडायनॅमिक मॉडेल: इथे घाई नको

कॉलमची गणितं गेल्या शतकातच पक्की झाली. निकाल बिघडतो तो बाष्प-द्रव समतोलाच्या चुकीच्या मॉडेलमुळे. निवड करताना तीन प्रश्न पुरतात: रेणू एकमेकांसारखे आहेत का, दाब किती आहे, आणि द्रवाचे दोन थर पडतात का.

रेणू सारखे, अध्रुवीय, दाब कमी असेल तर राउल्टचा नियम (घटकाचा वाफेतला दाब = द्रवातलं त्याचं प्रमाण × शुद्ध बाष्पदाब) चालून जातो. बेंझिन-टोल्युइन याचंच पाठ्यपुस्तकी उदाहरण. हायड्रोकार्बन आहेत पण दाब जास्त आहे, किंवा मिथेनसारखे हलके वायू सोबत आहेत, तर स्टेट इक्वेशन (दाब, तापमान आणि आकारमान जोडणारं समीकरण) घ्या: सोआव्हेचं (१९७२) किंवा पेंग-रॉबिन्सन (१९७६). अल्कोहोल, पाणी, कीटोन, एस्टर, आम्ल अशी ध्रुवीय मंडळी आली की ॲक्टिव्हिटी कोएफिशंटचं (द्रावण आदर्शापासून किती ढळतं ते सांगणाऱ्या आकड्याचं) मॉडेल लागतं. विल्सन (१९६४), रेनॉन आणि प्राउस्निट्झ यांचं एनआरटीएल (१९६८), युनिक्वॅक (१९७५) ही त्यातली रोजच्या वापरातली नावं. द्रवाचे दोन थर पडण्याची शक्यता असेल तर विल्सन बाजूला ठेवा, त्याला दोन थर दाखवताच येत नाहीत. ॲसेटिक आम्ल असेल तर आणखी एक गाठ: त्याचे रेणू वाफेतही जोडीजोडीने राहतात, म्हणून वाफेसाठी हेडन-ओकॉनेलसारखी वेगळी दुरुस्ती लावावी लागते.

युनिफॅक (१९७५) रेणूचे तुकडे मोजून अंदाज बांधतं. प्रयोगाची मोजमापं नसतील तेव्हा ते उपयोगी, पण अंदाज तो अंदाजच. डिझाइनची अंतिम फाइल युनिफॅकवर उभी असेल तर मी तरी ती परत पाठवेन.

आता सगळ्यात जास्त लोकांना खड्ड्यात घालणारी गोष्ट. एनआरटीएल निवडलं म्हणजे एनआरटीएल लागू झालं असं नाही. प्रत्येक जोडीसाठी बायनरी पॅरामीटर (दोन घटकांच्या परस्परप्रभावाचे आकडे) लागतात. डेटाबँकेत ते नसतील तर बरेच प्रोग्राम ती जागा शून्याने भरतात, आणि शून्य म्हणजे त्या जोडीचा ॲक्टिव्हिटी कोएफिशंट १. म्हणजे नाव एनआरटीएलचं आणि आत आदर्श द्रावण. इशारा आलाच तर संदेशांच्या ढिगात कुठेतरी असतो. म्हणून मॉडेल निवडल्यानंतर पहिलं काम: बायनरी पॅरामीटरचा तक्ता उघडा आणि प्रत्येक जोडीसमोर आकडा आहे का ते डोळ्यांनी पाहा. चार घटक असतील तर जोड्या सहा, दहा असतील तर पंचेचाळीस. ज्या जोडीतले दोन्ही घटक नाममात्र आहेत ती रिकामी राहिली तर फारसं बिघडत नाही. मुख्य जोडी रिकामी असेल तर पुढे जाऊच नका.

पॅरामीटर बाहेरून आणून टाकत असाल तर एकक बघा. काही संग्रह ते कॅलरी प्रति मोलमध्ये देतात, काही प्रोग्राम केल्व्हिनमध्ये मागतात. मध्ये १.९८७ ने भागायचं राहून गेलं, तरी प्रोग्राम तक्रार न करता चालतो आणि चुकीचं उत्तर देतो. एनआरटीएलचा तिसरा पॅरामीटर बहुतेक जोड्यांना ०.३ च्या आसपास असतो, तिथे ३० दिसलं तर समजून घ्या.

मॉडेल तपासायचं कसं? तापमान आणि मिश्रणातलं प्रमाण यांचा आलेख काढा आणि दोन-तीन बिंदू हाताने पडताळा. आपल्या मिश्रणासाठी अँटॉइनचं समीकरण पुरेसं आहे. बाष्पदाब मिलिमीटर पाऱ्यात, तापमान सेल्सिअसमध्ये, लॉग दहाच्या पायाचा:

बेंझिन: लॉग दाब = ६.९०५६५ − १२११.०३३ ÷ (तापमान + २२०.७९०)
टोल्युइन: लॉग दाब = ६.९५४६४ − १३४४.८०० ÷ (तापमान + २१९.४८२)

९२.१ अंशांना बेंझिनचा बाष्पदाब येतो सुमारे १०८४ आणि टोल्युइनचा ४३५. दोघांची सरासरी ७६०. म्हणजे ५०-५० मिश्रणाचा बबल पॉइंट ९२.१ अंश, आणि पहिल्या बुडबुड्यात बेंझिन ०.५ × १०८४ ÷ ७६० = ०.७१३. ड्यू पॉइंट (वाफ थंड होताना पहिला थेंब पडतो ते तापमान) तसाच काढला तर ९८.८ अंश येतो. सिम्युलेटरचा आकडा यापासून अंशभराहून जास्त भटकला, तर घटक, एकक किंवा मॉडेल यांपैकी काहीतरी चुकलं आहे. शुद्ध घटकांचे उत्कलनबिंदूही बघून घ्या: ८०.१ आणि ११०.६.

कॉलमच्या आधी एक फ्लॅश

फ्लॅश म्हणजे एकच समतोल टप्पा, जिथे वाफ आणि द्रव समतोलात येऊन वेगळे होतात. कॉलम म्हणजे असे अनेक टप्पे एकावर एक. एका टप्प्याचा हिशोब बरोबर येतोय की नाही हे आधी पाहिलं, की पुढचा निम्मा घोळ टळतो.

फीड ९५ अंश आणि १ ॲटमॉस्फिअरला फ्लॅश करा. त्या तापमानाला बाष्पदाब आहेत ११७७ आणि ४७७. ७६० ने भागले की समतोल गुणोत्तरं (वाफेतलं प्रमाण ÷ द्रवातलं प्रमाण) मिळतात: १.५४८ आणि ०.६२७५. दोनच घटक असल्याने रॅचफर्ड-राइसचं (फ्लॅशमधला वाफेचा हिस्सा काढणारं) समीकरण पुनरावृत्ती न करता सुटतं. द्रवातलं बेंझिन = (१ − ०.६२७५) ÷ (१.५४८ − ०.६२७५) = ०.४०४. वाफेतलं = १.५४८ × ०.४०४ = ०.६२६. वाफेचा हिस्सा = (०.५ − ०.४०४) ÷ (०.६२६ − ०.४०४), म्हणजे ४३ टक्के.

आता सिम्युलेटरमध्ये फ्लॅश ड्रम ठेवून हेच करा. ४२-४४ टक्के वाफ दिसली तर पुढे चला. इथे १०० टक्के द्रव किंवा १०० टक्के वाफ दिसली, तर बहुतेक वेळा दाबाचं एकक बिघडलेलं असतं. बारमध्ये लिहायचं ते किलोपास्कलमध्ये, किंवा गेज दाब (वातावरणाच्या दाबापासून मोजलेला) ॲब्सोल्यूट (शून्यापासून मोजलेला) समजून.

शॉर्टकट: किती टप्पे, किती रिफ्लक्स

रिगरस कॉलमला टप्प्यांची संख्या आणि फीडची जागा तुम्हीच सांगायची असते. ती कुठून आणायची? शॉर्टकटमधून. फेन्स्के (१९३२) किमान टप्पे देतो, अंडरवुड (१९४८) किमान रिफ्लक्स (थंड करून वरून परत सोडलेला द्रव, वरच्या मालाच्या तुलनेत), आणि गिलिलँडचा आलेख (१९४०) या दोघांमधून प्रत्यक्ष टप्पे.

वरच्या टोकाला, ८१ अंशांच्या आसपास, रिलेटिव्ह व्होलॅटिलिटी (इथे दोन घटकांच्या बाष्पदाबांचं गुणोत्तर) २.५९ आहे. तळाशी, १०८ अंशांना, २.३७. दोन्हींचा भूमितीय मध्य २.४८. फेन्स्केमध्ये वरचं गुणोत्तर ९५/५ म्हणजे १९ आणि खालचंही १९, त्यांचा गुणाकार ३६१. त्याचा नैसर्गिक लॉग ५.८९, त्याला २.४८ च्या लॉगने, म्हणजे ०.९०८ ने भागा. किमान टप्पे ६.५, रिबॉयलर (तळाचा द्रव उकळणारा भाग) धरून.

किमान रिफ्लक्ससाठी फीड बबल पॉइंटचा द्रव असल्याचा फायदा घेऊ. ०.५ शी समतोलात असलेली वाफ २.४८ धरून येते ०.७१३. (०.९५ − ०.७१३) ÷ (०.७१३ − ०.५), म्हणजे सुमारे १.१२. प्रत्यक्षात किमानच्या १.२ ते १.५ पट रिफ्लक्स घेण्याची पद्धत आहे. आपण सरळ १.५ घेऊ, म्हणजे किमानच्या १.३४ पट. गिलिलँडवरून टप्पे येतात १३.७.

शॉर्टकटवर समाधान न मानता मॅककेब-थिलीच्या (१९२५) पायऱ्याही एकदा हाताने उतरा. स्प्रेडशीटवर पाच मिनिटांचं काम. वरची ऑपरेटिंग रेषा (शेजारच्या टप्प्यांमधल्या वाफेतलं आणि द्रवातलं बेंझिन जोडणारी): वाफ = ०.६ × द्रव + ०.३८. खालची: वाफ = १.४ × द्रव − ०.०२. वरून खाली उतरताना प्रत्येक टप्प्यावरच्या द्रवातलं बेंझिन असं येतं:

०.८८५, ०.८०४, ०.७१७, ०.६३२, ०.५६०, ०.५०४, ०.४६४, ०.४०७, ०.३३०, ०.२४२, ०.१५९, ०.०९३, ०.०४७.

तेरा टप्पे, तेरावा रिबॉयलर. ही ओळ नीट बघा. वरून येताना पाऊल आठ-नऊ टक्क्यांचं असतं, फीडजवळ ते चार टक्क्यांवर येतं आणि खाली गेल्यावर पुन्हा मोठं होतं. फीडपाशी ऑपरेटिंग रेषा समतोलाच्या रेषेच्या सगळ्यात जवळ असते, म्हणून तिथले टप्पे कमी काम करतात. रिफ्लक्स कमी करत १.१२ कडे नेलात तर हे पाऊल शून्याकडे जाईल आणि टप्पे अनंताकडे. पिंच म्हणतात ते हेच. सिम्युलेटरच्या आलेखात तो आडव्या पट्ट्यासारखा दिसतो, पण एकदा स्वतः पायऱ्या उतरल्या असतील तरच तो पट्टा काही सांगतो.

रिगरस कॉलम उभा करताना

पहिली अडचण मोजणीची. ॲस्पेन प्लसच्या रॅडफ्रॅकमध्ये (त्यातल्या रिगरस कॉलमच्या ब्लॉकमध्ये) कंडेन्सर (वरची वाफ थंड करणारा भाग) हा पहिला टप्पा आणि रिबॉयलर शेवटचा. हायसिस दोघांनाही मोजत नाही. आपले बारा आदर्श ट्रे (कॉलममधले आडवे थाळे) आणि रिबॉयलर रॅडफ्रॅकमध्ये १४ होतील, हायसिसमध्ये १२. फीड सातव्या समतोल टप्प्यावर आहे, रॅडफ्रॅकमध्ये तो आकडा ८. एका टप्प्याची ही गल्लत इतकी नेहमीची आहे, की दुसऱ्याची फाइल उघडल्यावर मी आधी तेच बघतो. रॅडफ्रॅकमध्ये आणखी एक बारकावा: फीड नेहमीच्या सेटिंगला टप्प्याच्या वर येतो असं धरलं जातं, म्हणजे द्रव त्या टप्प्यावर आणि वाफ असेल तर वरच्या टप्प्याकडे. आपला फीड पूर्ण द्रव असल्याने इथे फरक पडत नाही. अर्धवट वाफ झालेल्या फीडला पडतो.

दुसरी गोष्ट स्वातंत्र्याच्या अंशांची. टप्पे, फीडची जागा, दाब आणि टोटल कंडेन्सर (वरची सगळी वाफ द्रव करणारा) एवढं ठरलं की साध्या कॉलमला तुम्ही दोनच गोष्टी सांगू शकता. त्या पहिल्या वेळी रिफ्लक्स रेशो आणि वरच्या मालाचा प्रवाह अशाच ठेवा: १.५ आणि ताशी ५० किलोमोल. या जोडीला जवळजवळ नेहमी उत्तर असतं. शुद्धतेची अट आधीच घातली आणि ती त्या टप्प्यांत शक्य नसेल, तर सॉल्व्हर गोल गोल फिरत राहतो आणि दोष कुणाचा ते कळत नाही. आधी कॉलम चालता करा, उत्तर जतन करा, मग रिफ्लक्सच्या जागी शुद्धता टाका. वरचा आणि खालचा असे दोन्ही प्रवाह एकत्र देऊ नका. फीड ठरलेला असताना एकातून दुसरा आपोआप येतो, म्हणजे तुम्ही एकच गोष्ट दोनदा सांगितलीत आणि एक अंश मोकळाच राहिला.

दाब पहिल्या धावेला सगळीकडे १ ॲटमॉस्फिअर ठेवा, म्हणजे हातच्या हिशोबाशी ताडता येईल. नंतर मात्र प्रत्येक प्रत्यक्ष ट्रेमागे ०.७ किलोपास्कलच्या आसपास दाबघट धरा. वीस-बावीस ट्रे असतील तर तळाचा दाब ११७ किलोपास्कलपर्यंत जातो आणि तळाचं तापमान सुमारे ५ अंशांनी वर चढतं. स्टीमची निवड आणि रिबॉयलरचं क्षेत्रफळ याच पाच अंशांवर ठरतं. व्हॅक्यूम कॉलममध्ये तर दाबघट विसरणं म्हणजे वेगळाच कॉलम डिझाइन करणं.

सुरुवातीचे अंदाज विचारले तर वर ८१ आणि खाली १०८ अंश द्या, मध्ये सरळ रेषा.

निकाल वाचणं

आधी तापमान. कंडेन्सरला ८१.१, पहिल्या ट्रेवर ८२.५, फीडच्या ट्रेवर ९३ च्या जवळ, रिबॉयलरमध्ये १०८. खाली जाताना ते सतत वाढत गेलं पाहिजे. मध्येच खाली-वर झालं तर सबकूल्ड (बबल पॉइंटहून थंड) फीड, दुसरा फीड किंवा मॉडेलचा दोष, यांपैकी एक.

मग उष्णतेचे भार. वरून निघणारी वाफ म्हणजे वरचा माल अधिक रिफ्लक्स: ५० + ७५ = ताशी १२५ किलोमोल. बेंझिनची बाष्पीभवन उष्णता किलोमोलमागे सुमारे ३०.८ मेगाज्यूल. गुणून ३६०० ने भागा, कंडेन्सरचा भार येतो १.०७ मेगावॉट. रिबॉयलरचा याहून थोडा जास्त, १.१ च्या आतबाहेर.

इथे एक मजेची गोष्ट दिसेल. मॅककेब-थिलीने तळाशीही १२५ किलोमोल वाफ धरली होती, सिम्युलेटर मात्र काही टक्के कमी दाखवेल. चूक कुणाचीच नाही. टोल्युइनला बाष्पीभवनासाठी किलोमोलमागे सुमारे ३३ मेगाज्यूल लागतात, बेंझिनपेक्षा जास्त, म्हणून तेवढ्याच उष्णतेत खाली वाफ कमी तयार होते. हातच्या पद्धतीने वाफेचा मोलर प्रवाह सारखा धरला, रिगरस पद्धतीने उष्णतेचा हिशोब मांडला. त्यामुळे शुद्धता ९५.० वर तंतोतंत बसली नाही तर घाबरू नका. ९४.५ आणि ९५.५ च्या मध्ये कुठेतरी दिसली तर सगळं ठीक. ८८ किंवा ९९ दिसलं तर मोजणी तपासा.

यानंतर फीडची जागा ५ पासून ११ पर्यंत हलवा आणि दर वेळी शुद्धता कायम ठेवून रिबॉयलरचा भार नोंदवा. वाटीसारखी वक्ररेषा मिळेल, तिचा तळ ७-८ पाशी. त्या तळाशी वक्ररेषा बरीच सपाट असते, म्हणजे एक ट्रे इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. प्रत्यक्ष कॉलमला दोन-तीन फीड नोझल ठेवण्याची पद्धत आहे, ती याच आलेखावरून ठरवा.

कन्व्हर्ज होत नाही तेव्हा

आधी मटेरिअल बॅलन्स. मग घातलेली शुद्धता शक्य आहे का. मग बायनरी पॅरामीटर. या तिन्हींत दोष नसेल तरच सॉल्व्हरकडे वळा.

सॉल्व्हरची निवड मिश्रणाच्या स्वभावावरून. वँग-हेन्कीची बबल पॉइंट पद्धत (१९६६) जवळजवळच्या उत्कलनबिंदूंच्या मिश्रणांना छान चालते. ॲब्सॉर्बरसारख्या (वायू द्रवात शोषणाऱ्या) कॉलममध्ये, जिथे उत्कलनबिंदू फार दूर असतात, तिथे सम-रेट्स पद्धत घ्या. बॉस्टन-सुलिव्हन यांची इनसाइड-आउट पद्धत (१९७४) बहुतेक कामांना पुरते, म्हणून बऱ्याच व्यावसायिक प्रोग्रामचा पाया तीच आहे. द्रावण फारच अनादर्श असेल तर नाफ्ताली-सँडहोमची (१९७१) सगळी समीकरणं एकदम सोडवणारी न्यूटन पद्धत. ती जड आहे आणि तिला चांगला प्रारंभिक अंदाज लागतो, पण एकदा जवळ पोचली की सोडत नाही.

उत्तर दोन टोकांमध्ये हिंदकळत असेल तर डॅम्पिंग (प्रत्येक आवर्तनातलं पाऊल छोटं करणं) वाढवा. हळूहळू जवळ येत असेल आणि आवर्तनं संपत असतील, तर फक्त आवर्तनांची मर्यादा वाढवा. टॉलरन्स (चालवून घ्यायचा फरक) ढिला करून हिरवी खूण मिळवणं ही पळवाट आहे. तो बॅलन्सचा फरक पुढच्या रिसायकलमध्ये (परत फिरवलेल्या प्रवाहात) जाऊन बसतो आणि तिथे सापडायला दुप्पट वेळ लागतो.

इथेनॉल-पाणी: जिथे आदर्श मॉडेल दोन्हीकडून फसवतं

आता हाच प्रवास इथेनॉल आणि पाण्याचा करू. १ ॲटमॉस्फिअरला ७८.२ अंशांपाशी या जोडीचा ॲझिओट्रोप आहे: ८९.४ मोल टक्के, वजनाने ९५.६ टक्के इथेनॉल. त्या बिंदूला वाफ आणि द्रव यांतलं प्रमाण एकच, म्हणून साध्या कॉलमने पलीकडे जाता येत नाही.

राउल्टचा नियम लावलात तर काय होईल? ७८.३ अंशांना इथेनॉलचा बाष्पदाब ७६० आणि पाण्याचा सुमारे ३३१. व्होलॅटिलिटी २.३. सिम्युलेटर आनंदाने ९९.५ टक्के इथेनॉल काढून देईल आणि सगळं हिरवं दिसेल. ही चूक सगळ्यांना माहीत आहे. उलट दिशेची चूक मात्र फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पातळ टोकाला, द्रवात फक्त १.९ मोल टक्के इथेनॉल असताना, मोजलेल्या वाफेत ते १७ टक्के आहे. म्हणजे व्होलॅटिलिटी दहाच्या वर. आदर्श मॉडेल तिथेही दोन-सव्वादोनच धरतं आणि खालच्या भागात गरजेपेक्षा कितीतरी जास्त टप्पे मागतं. वर खोटी सोय, खाली खोटी अडचण.

वर-खाली असा दहापासून एकपर्यंतचा फरक असल्याने इथे शॉर्टकट वापरूच नका. फेन्स्के आणि अंडरवुड दोघांनीही व्होलॅटिलिटी स्थिर धरली आहे. शिवाय या जोडीत पिंच फीडपाशी न येता वरच्या भागात येतो, कारण समतोलाची रेषा तिथे कर्णाला चिकटत जाते. किमान रिफ्लक्स फीडच्या बिंदूवरून काढलात तर तो कमी येईल.

एनआरटीएल निवडा, पॅरामीटर तपासा, आणि कॉलम ठेवण्याआधी वाफ-द्रव आलेख काढा. रेषा कर्णाला ८९-९० टक्क्यांपाशी छेदते का? द्रवात ५१ टक्के असताना वाफेत ६५-६६ टक्के येतं का? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तरच पुढे.

समजा फीडमध्ये १० मोल टक्के इथेनॉल आहे. वरच्या मालात पहिल्या धावेला ७० टक्के मागा. कन्व्हर्ज झालं की तेच उत्तर प्रारंभिक अंदाज म्हणून वापरून ७८, मग ८३, मग ८५. दर पायरीला रिफ्लक्स किती वाढतो ते लिहून ठेवा. ८५ च्या पुढे प्रत्येक टक्क्याची किंमत रिबॉयलरमध्ये मोजावी लागते, आणि ८९ च्या पुढे किंमत हा शब्दच लागू होत नाही.

ॲझिओट्रोप ओलांडायचा तर तिसरा घटक किंवा वेगळं तंत्र लागतं. इथिलीन ग्लायकॉल घालून एक्स्ट्रॅक्टिव्ह डिस्टिलेशन करायचं असेल, तर सिम्युलेशनमध्ये दोन कॉलम आणि ग्लायकॉलचा रिसायकल येतो. रिसायकल लगेच जोडू नका. ग्लायकॉल ताजंच येतंय असं धरून दोन्ही कॉलम स्वतंत्र चालवा, परत येणारा प्रवाह ताज्याशी जवळपास जुळला की मग टोकं जोडा आणि वेगस्टाइनच्या (लूप लवकर जुळवणाऱ्या) पद्धतीने बंद करा. मेकअपही (भरपाईचं ताजं ग्लायकॉल) द्या, कारण दोन्ही मालांतून थोडं ग्लायकॉल निसटतंच. ते निसटणं शून्य धरलं तर रिसायकलमध्ये ग्लायकॉल साठत जातं किंवा आटत जातं, आणि लूप कधीच बंद होत नाही. ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हने पाणी काढायचं असेल तर तो समतोल टप्प्यांचा विषय नाही. फ्लोशीटमध्ये त्याच्या जागी घटक वेगळे करणारा साधा ब्लॉक ठेवा आणि रीजनरेशनचा (सीव्ह पुन्हा कोरडं करण्याचा) प्रवाह हाताने दाखवा.

एक्स्ट्रॅक्शनकडे, म्हणजे द्रव-द्रव विलगीकरणाकडे, वळणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या: बाष्प-द्रव मोजमापांवरून बसवलेले पॅरामीटर दोन थरांतलं प्रमाण बरेचदा चुकीचं सांगतात. द्रव-द्रव डेटावरून बसवलेला वेगळा संच घ्या.

टप्प्यांचे ट्रे

बेंझिन-टोल्युइनकडे परत. समतोल टप्पे बारा, ट्रे किती? ओकॉनेलचं नातं (१९४६) व्होलॅटिलिटी आणि फीडच्या चिकटपणाच्या गुणाकारावर चालतं. ९५ अंशांना चिकटपणा साधारण ०.२७ सेंटिपॉइज, गुणाकार ०.६७, कार्यक्षमता ५५-५६ टक्के. १२ ÷ ०.५५ म्हणजे २२ ट्रे. रिबॉयलर यात धरायचा नाही, तो स्वतः पूर्ण टप्पा आहे.

ही एकूण कार्यक्षमता आहे. प्रोग्राममधल्या मर्फ्रीच्या (एकेका ट्रेच्या कार्यक्षमतेच्या) रकान्यात ती टाकू नका, दोन्हींची व्याख्या वेगळी आहे. एकतर १२ आदर्श टप्पे ठेवून ट्रेची संख्या बाहेर काढा, किंवा २२ ट्रे ठेवून खरीखुरी मर्फ्री कार्यक्षमता द्या. दोन्ही एकदम केलं की कार्यक्षमता दोनदा लागते.

व्यास ढोबळपणे असा: वरची वाफ ताशी सुमारे ९,८५० किलो, घनता २.७ किलो प्रति घनमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास १ घनमीटर. वाफेचा वेग × घनतेचं वर्गमूळ हा एफ-फॅक्टर १.८ धरला तर वेग १.१ मीटर प्रति सेकंद. त्यावरून ट्रेचं काम करणारं क्षेत्रफळ ०.९ चौरस मीटरच्या थोडं वर येतं. डाउनकमरची (द्रव खालच्या ट्रेवर उतरतो त्या वाटेची) जागा मिळवली की व्यास १.२ मीटरच्या आसपास. ट्रे-सायझिंगच्या पानावर ०.६ किंवा ३ मीटर दिसलं, तर प्रवाहाचं एकक बघा.

फाइल दुसऱ्याच्या हाती देताना सोबत अर्धं पान जोडा: मॉडेल कोणतं आणि पॅरामीटर कुठून आले, कोणत्या जोड्या रिकाम्या आहेत, टप्प्यांची मोजणी कंडेन्सर धरून की सोडून, दाब ॲब्सोल्यूट की गेज, दाबघट किती धरली, आणि दोन मोकळ्या अटी कोणत्या. आलेखांच्या चाळीस पानांपेक्षा पुढच्या माणसाला हे अर्धं पान आधी लागतं.